सात सेकंदांचं वचन

एंगकोस सुकार्यानं बांडुंगच्या विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथ चालवला, आणि एवढ्या वर्षांत 'साधारण' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. कुणी विद्यार्थी येऊन म्हणाला, "बापा, साधारण हातभर लांबीची दांडी हवी होती," की तो चष्मा कपाळावर सरकवायचा. "साधारण लांबीची दांडी जंगलात मिळते, बाळा. इथं मिलिमीटरमध्ये बोलायचं."

त्याचा एकच अभिमान होता. त्यानं केलेले दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर पहिला कुठला आणि दुसरा कुठला, हे त्यालाही सांगता यायचं नाही. पन्नास स्क्रू पाडले तर पन्नासही एका आईची लेकरं. बाकी स्वभाव लोण्यासारखा. तो तिथल्या सुंदानी जमातीचा. सुंदानी माणसाच्या तोंडून 'नाही' काढायचं तर पक्कड लागते म्हणतात, एंगकोसच्या बाबतीत तीही तुटली असती. आणि सगळ्या सुंदानी लोकांसारखी त्याची जीभ 'फ' म्हणायला तयार नसायची. ज्या 'फिसिका' खात्याचं मीठ खाल्लं त्याला तो शेवटपर्यंत 'पिसिका' म्हणत राहिला. तेवढं एक सोडलं तर त्याच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

निवृत्तीला सात-आठ महिने उरले होते, १९९४चा फेब्रुवारी होता. त्याच्या हिशेबी पेब्रुवारी. खात्यात शिकवणाऱ्या इबू तिउर्मा, म्हणजे तिउर्माबाई, वर्कशॉपमध्ये आल्या त्या दार ढकलूनच. त्या तोबा सरोवराकडच्या, बताक जमातीच्या. जर्मनीत शिकून आलेल्या, उंच, केस आखूड, आणि आवाज असा की त्या वर्गात शिकवायला लागल्या की शेजारच्या रसायनशास्त्रवाल्यांचीही उजळणी व्हायची. बताक माणसं भांडायला लागली की गप्पा मारताहेत असं वाटतं आणि गप्पा मारायला लागली की भांडताहेत असं.

"बापा एंगकोस! लंबक हवाय. आणि त्या लंबकाच्या टोकाला आणखी एक लंबक."

"लंबकाला लंबक?"

"हो. दोन दांड्या, मीटर मीटरच्या. मधला सांधा लोण्यासारखा फिरला पाहिजे. वरच्या दांडीनं झोके घ्यायचे, खालचीनं हवं ते करायचं."

'हवं ते करायचं' हे शब्द एंगकोसला खटकले. दांडीनं स्वतःला हवं ते करायचं असतं, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. पण नाही म्हणणं रक्तात नव्हतं. "मांग्गा, इबू, करतो," तो म्हणाला आणि चार दिवसांत लंबक करून दिला.

पहिला प्रयोग बघायला तो नेहमीप्रमाणे वर्गाच्या दारात उभा राहिला. इबूंनी दोन्ही दांड्या वर आडव्या धरल्या आणि सोडल्या. काय तो तमाशा! वरची दांडी झोके घेत होती, आणि खालची? कधी गरगर फिरली, कधी मध्येच थबकली, कधी उलटी कोलांटी मारून आली. देवळात दारू पिऊन शिरलेल्या माणसासारखी. पोरं खूश. इबूंनी थांबवलं, पुन्हा तिथूनच सोडलं. पहिले दोन झोके तसेच, आणि मग निराळंच सुरू. तिसऱ्यांदा आणखी निराळं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि दारातल्या एंगकोसचे कान लाल झाले. एकाच जागेवरून सोडलेली वस्तू तीनदा तीन वाटांनी जाते, याचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता. सांधा बिघडलेला आहे.

तास संपल्यावर तो पुढे गेला. "इबू, माफ करा. तीन दिवस द्या, दुरुस्त करून आणतो."

"दुरुस्त काय करायचंय? सुंदर चाललाय!"

"दर वेळी वेगळा चालतो."

"चालणारच! तेच तर दाखवायचं होतं."

इबू आपली समजूत घालताहेत असं एंगकोसला वाटलं. पण दारापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, बताक बाई समजूत घालायला कधी शिकली? त्यानं तो जास्तच गोंधळला. लंबक मात्र काखोटीला मारून घेऊन गेला.

त्यानं नवी बेअरिंग घातली, दांड्या पुन्हा तोलल्या. हातानं सोडताना हात हलतो, म्हणून दांड्या दोऱ्यानं बांधल्या आणि काडीनं दोरा जाळून सोडल्या. तरीही तेच. शेवटी त्यानं त्याच्या मते निर्णायक काम केलं. त्या लंबकाला जुळा भाऊ केला. वजन, लांबी, सांधा, सगळं एक. दोघांना एकाच भिंतीवर शेजारी टांगलं, एकाच दोऱ्यानं बांधलं, एकाच काडीनं सोडलं. आता पाहू कोण कुठं जातो.

तीन सेकंद दोघं आरशात बघितल्यासारखे नाचले. चौथ्या सेकंदाला डावा वर गेला आणि उजवा खाली आला. त्यानंतर त्यांची ओळखच नव्हती.

इबू मागं उभ्या राहून बघत होत्या. "तीन सेकंद! बापा, हे छान आहे. पोरांना आता रडवता येईल."

"सात करून दाखवतो," एंगकोसच्या तोंडून निघून गेलं.

"होणार नाही."

"का नाही होणार? माणसानं केलेली वस्तू आहे. जास्त नीट केली की जास्त नीट चालेल."

"चला, पैज!"

"पैज आमच्यात हराम आहे, इबू."

"मग वचन. निवृत्तीच्या आत सात सेकंद एकत्र चालले तर मी आठवडाभर चेऊ इरोहच्या गाडीवर सुराब्या भाजीन. नाही चालले तर तुम्ही माझ्या वर्गात उभं राहून तास घ्यायचा. पोरांसमोर. खडू हातात घेऊन."

चेऊ इरोह म्हणजे एंगकोसची बायको. विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी सकाळी सहापासून तिचे मातीचे तवे पेटायचे. सुराबी, म्हणजे तांदळाच्या पिठाचं जाडसर घावन, खावी तर तिचीच, अशी त्या बाजूला ख्याती होती. तिनं हे वचन ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"कांग, माझ्या एकाही सुराबीचं तोंड दुसरीसारखं नसतं. पीठ तेच, तवा तोच, हात तोच. म्हणून मी कधी रडत बसले का?"

"सुराबी वेगळी, यंत्र वेगळं."

"हो ना. सुराबी निदान खाता तरी येते."

एंगकोसनं तिच्याकडं कानाडोळा केला आणि कामाला लागला. मार्च ते जुलै त्यानं त्या दोन भावांचे लाड केले तेवढे स्वतःच्या दोन मुलींचे केले नसतील. रसायनशास्त्रातून काटा मागून आणला आणि दांड्या घासून घासून वजनाला वजन जुळवलं. वारा लागू नये म्हणून काचेची पेटी केली. रस्त्यावरून अंकोत, म्हणजे वडापच्या गाड्या, गेल्या की भिंत थरथरते असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून पादालारांगहून संगमरवराची शिळा आणवली आणि जिन्याखालच्या खोलीत तिच्यावर चौकट उभी केली. मग समोरच्या सभागृहात आंक्लुंग या बांबूच्या वाद्याची तालीम चालते ते त्याला खुपायला लागलं. तो स्वतः जाऊन तालीम घेणाऱ्या बाईंना हात जोडून म्हणाला, "मंगळवारी तेवढं बांबू वाजवू नका. माझे लंबक बिचकतात." त्या बाई अजूनही ही गोष्ट सांगतात.

इबूंना हे कळलं तेव्हा त्या खो खो हसल्या. "बापा, चाळीस मीटरवरचा आंक्लुंग जर तुमच्या पेटीत शिरतो, तर बाहेर काय उरलं?"

"आता तेच एक-एक करून बाहेर काढतोय."

"काढा. विद्यार्थी श्वास घेतात, त्यांनाही बाहेर काढा."

त्यांनी थट्टेनं म्हटलं, त्यानं खरोखर काढलं. दारावर पाटी लागली: 'प्रयोग चालू. श्वास बाहेर सोडून यावा.'

जुलैच्या शेवटी एका सकाळी एंगकोस वही घेऊन इबूंच्या खोलीत गेला. त्याचा चेहरा चोराला रंगेहाथ पकडल्यासारखा होता.

"इबू, यात काहीतरी फसवणूक आहे. हे बघा. सुरुवातीला दोघांत मिलिमीटरचा फरक होता. तीन सेकंद. फरक दहापट कमी केला. चार सेकंद, जेमतेम. पुन्हा दहापट कमी केला, त्यात माझे दोन महिने गेले. पाच सेकंद. दहापट राबायचं आणि एक सेकंद पदरात. पुढच्या सेकंदाला पुन्हा दहापट. हा कसला न्याय?"

इबू वही बघत राहिल्या. मग इतक्या जोरात ओरडल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "हे सांगायला मला तीनदा फळा भरावा लागतो! आणि तुम्ही चार ओळींत लिहिलंत?"

"मी तक्रार लिहिलीय, इबू."

त्यांनी दोन कॉफ्या मागवल्या. एंगकोसनं कपात चार चमचे साखर घातली आणि ढवळत बसला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि सुंदानी माणूस प्रश्न विचारण्याआधी त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालतो.

"नियम दोघांना एकच ना?" अखेर त्यानं विचारलं.

"एकच."

"मग मोडतो कोण? डावा का उजवा?"

"कुणीच मोडत नाही. दोघंही क्षणाक्षणाला नियम पाळतात. फक्त सुरुवातीचा केसभर फरक ते विसरत नाहीत. वाढवत नेतात. सगळ्याच वस्तू असं करत नाहीत, साधा लंबक नाही करत. पण पुष्कळ करतात. पावसाचे ढग करतात, म्हणून रेडिओवरचा माणूस पुढच्या महिन्याचं सांगत नाही. आकाशातले ग्रहसुद्धा करतात, फक्त त्यांचा एक सेकंद लाखो वर्षांचा असतो."

"आणि मी आणखी नीट केलं तर? आणखी, आणखी?"

इबूंनी वहीच्या मागं आकडे मांडले. "समजा तुम्ही फरक अणूएवढा केलात."

"केला."

"काय सहज म्हणताय! बरं, केला. साधारण दहा सेकंद."

"साधारण नको."

"दहा. पण अणू तरी कुठं स्वस्थ बसतात? समजा त्यांनाही गप्प केलंत. तरी खाली एक जागा येते, जिथं दांडीचं टोक 'नेमकं कुठं' या प्रश्नाला निसर्गच उत्तर देत नाही. तिथपर्यंत पोचलात तरी सतरा-अठरा सेकंद. त्यापुढं जगातला कुठलाही लेथ नाही."

एंगकोसनं चमचा बशीत ठेवला. सगळ्या जगाचे सगळे कारागीर, सगळी यंत्रं, सगळा नीटपणा. आणि वीस सेकंदसुद्धा नाहीत!

"म्हणजे पुढचं सगळं ठरलेलंच नाही? की ठरलंय, पण आपल्याला वाचता येत नाही?"

"यावर शंभर वर्षं भांडण चाललंय," इबू म्हणाल्या, "आणि भांडणारे बताकसुद्धा नाहीत."

घरी त्यानं इरोहला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अठरा सेकंदांत माझी सुराबी फुगतसुद्धा नाही."

आता सात सेकंद आपल्याच्यानं होणार नाहीत हे एंगकोसला कळून चुकलं होतं. त्याला शंभरपट नीटपणा हवा होता आणि हातात दोन महिने होते. पण वचन मागं घ्यायचं म्हणजे 'नाही' म्हणायचं, आणि ते काही जमलं नाही. ऑगस्टमधल्या शेवटच्या शनिवारी जिन्याखालची खोली गच्च भरली. इरोहही तवे शेजारणीवर सोपवून आली होती. एका विद्यार्थिनीच्या हातात क्रीडाविभागाचं स्टॉपवॉच होतं. इबूंचा तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून त्या तिच्या खांद्यावरून घड्याळातच डोळे घालून उभ्या होत्या.

"श्वास!" एंगकोस म्हणाला. चाळीस माणसांनी श्वास रोखला. त्यानं पेटीच्या भोकातून काडी आत सरकवली. दोरा जळला.

"एक… दोन… तीन…" पोरगी मोजत होती. दोघं भाऊ एका तालात. "चार…" अजूनही. एंगकोसच्या मानेवरून घाम ओघळला. "पाच…"

आणि मग त्यानं पाहिलं. डाव्याची खालची दांडी केसभर पुढं होती. माथ्यावर पोचून ती पलीकडं उलटली. उजवी तिथंच घुटमळली आणि माघारी आली. इतक्या गतीत हे बघायला लेथवर एकतीस वर्षं घालवलेले डोळे हवेत. बाकीच्यांना दोन चकचकीत पट्टेच दिसत होते. पुढच्या दीड सेकंदात डाव्यानं वळसा घेतला, उजव्यानं झोका घेतला, आणि पोरगी "सात!" म्हणाली त्या क्षणी दोघांच्याही खालच्या दांड्या नेमक्या उभ्या वर होत्या. बाजारात दोन अनोळखी माणसं एकदम एकाच दुकानाकडं वळावीत तशा.

खोलीत जल्लोष झाला. पोरांनी एंगकोसला उचललं. वर जिना असल्यामुळं त्याचं डोकं आपटलं, तरी कुणी थांबेना. इबूंनी घड्याळावरून डोळे वर काढले, दोन उभ्या दांड्या पाहिल्या आणि दोन्ही हात पसरले. "हरले! बापा, मी हरले! कसं केलंत?"

एंगकोसनं तोंड उघडलं. पण चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती आणि इरोह चक्क डोळे पुसत होती. त्यानं तोंड मिटलं.

सोमवारी सकाळी सहाला इबू तिउर्मा कमरेला फडकं बांधून गाडीवर हजर. पहिली सुराबी कोळसा झाली, दुसरी तव्याला चिकटली. तिसरीवर त्यांनी ओंचोमचा तिखट मसाला असा काही ओतला की खालची सुराबी शोधावी लागली. पण जर्मनीहून डॉक्टर होऊन आलेली बाई सुराब्या करते म्हटल्यावर रांग फाटकापासून वळून मशिदीपर्यंत गेली. इबूंचा आवाज होताच. "या! या! एकही दुसरीसारखी नाही, याची हमी!" इरोहचं पीठ आठ वाजायच्या आत संपलं. मंगळवारी तिनं दुप्पट भिजवलं, तेही संपलं.

एंगकोस त्या दोन दिवसांत नीट जेवला नाही. त्यानं आयुष्यात कुठल्या तुकड्यावर खोटं माप लिहून दिलं नव्हतं. बुधवारी सकाळी तो रांगेतून वाट काढत गाडीपाशी गेला.

"इबू, ती पळी जरा खाली ठेवा."

"का? करपतंय?"

"करपतंय, पण इथं." त्यानं छातीवर हात ठेवला. "मी हरलोय. पाच आणि सहाच्या मध्ये ते वेगळे झाले होते. सातला भेटले ते योगायोगानं. मी पाहिलं आणि गप्प बसलो."

इबूंनी पळी खाली ठेवली. बताक बाई गप्प बसलेली बघून रांगही गप्प झाली. इरोहच तेवढी बोलली, "कांग! रविवारपर्यंत थांबला असतात तर जीभ झडली असती का? मी चार किलो तांदूळ दळून आणलेत!"

"कोण पुढं गेला?" इबूंनी हळूच विचारलं. त्यांना हळू बोलता येतं हे त्या दिवशी लोकांना कळलं.

"डावा."

"किती?"

"आधी केसभर. मग अख्खी कोलांटी."

"मी घड्याळात बघत होते," इबू स्वतःशीच म्हणाल्या. "इतकी शिकले, आणि नेमकी घड्याळात बघत होते." मग त्यांचा आवाज परत आला. "बापा एंगकोस! शुक्रवारी नऊ वाजता. हेच सांगायचं, शब्द न बदलता. आणि चेऊ इरोह, मी आठवडा म्हटलं होतं, आठवडा पुरा करणार. पीठ वाया जाता कामा नये."

शुक्रवारी एंगकोस मुलीच्या लग्नातला बातिक सदरा आणि काळी पेची टोपी घालून फळ्यासमोर उभा राहिला. ऐंशी पोरं. खडू त्याच्या हातात लेथच्या पात्यासारखा धरलेला. त्यानं फळ्यावर तीन, चार, पाच हे आकडे लिहिले, आणि त्यांच्या खाली त्या-त्या वेळचा फरक. पहिली पाच मिनिटं तो फळ्याशीच बोलला. मग आंक्लुंगची गोष्ट सांगताना पोरं हसली, तसा तो वळला. श्वासाची पाटी, संगमरवर, काटा, सगळं सांगितलं. शनिवारचंही सांगितलं.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बापा, मग तुमची सहा महिन्यांची मेहनत फुकट गेली?"

"फुकट कशी? मी सुरू केलं तेव्हा तीन सेकंद कळत होतं. आता पाच कळतं. मधले दोन सेकंद आधी कुणाचेच नव्हते. ते मी आणले."

"आणि पुढचं सगळं ठरलेलं असतं का?" एका मुलीनं विचारलं.

एंगकोसनं इबूंकडं पाहिलं. इबू छताकडं बघत होत्या.

"मी लेथवाला माणूस. वरच्यानं ठरवलंय की नाही ते त्याला ठाऊक. पण ठरवलं असेल, तर ते इतक्या बारीक मापात लिहिलंय की माझा मायक्रोमीटर तिथं पोचत नाही. इबू म्हणतात, कुणाचाच पोचत नाही. म्हणजे मला काही कमीपणा नाही." त्यानं खडू खाली ठेवला. "पण पिसिकावाल्यांनी म्हणून प्रयत्न सोडू नये. सहावा सेकंद कुणीतरी आणायलाच हवा."

तास एक तास चालायचा, तो पावणेदोन तास चालला. पुढच्या तासाचे मास्तर दारात ताटकळत उभे राहिले आणि शेवटी तेही आत येऊन बसले.

सप्टेंबरअखेर तो निवृत्त झाला. खात्यानं निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, मोठं, सोनेरी काठाचं. घरी टांगल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं की ते रोज चार मिनिटं मागं पडतं. इरोह म्हणाली, "राहू दे हो, आता कुठं जायचंय वेळेवर." एंगकोसनं ते खाली काढलं, चष्मा लावला, पाठीमागचं झाकण उघडलं आणि एका दातेरी चाकात अडकलेला धाग्याचा तुकडा चिमट्यानं बाहेर काढला. अर्ध्या तासात घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर चालू लागलं.

"कसं झालं?" इरोहनं विचारलं.

"हे बिघडलेलं होतं," एंगकोस म्हणाला, आणि ते पुन्हा खिळ्याला टांगायला उठला.